देव करतो, पण कुणाच्या हातांनी?

'प्रयत्नांती परमेश्वर' हा सुविचार आपण शाळेच्या फळ्यावर लिहिला, आणि घरी आल्यावर 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' हेही ऐकलं. दोन्ही म्हणी आपल्या मनात गुण्यागोविंदाने नांदतात. सरकारी कचेरीत तर त्या रोज कानावर पडतात. काम झालं की देव पावला, अडलं की नशीब! मधे ज्यांचे हात राबले त्यांचा हिशेब कुणी मांडत नाही.

ख्रिस्ती धर्मात हा हिशेब कसा मांडतात? आपण गोंयकार शेजारच्या फेस्ताला जातो, नाताळची नेवरी आणि दोदोल खातो, पण हे विचारायचं राहूनच जातं. मी कला शाखेचा पदवीधर, धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तरी बायबलमधल्या चमत्कारांच्या कथा वाचताना एक गोष्ट हटकून जाणवली. अनेक चमत्कारांत माणसाच्या वाट्याला काहीतरी काम ठेवलेलं आहे. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, पण सहा दगडी रांजण काठोकाठ भरले ते नोकरांनी. हजारो लोक जेवले, पण त्याआधी एका मुलाला आपल्या पाच भाकऱ्या आणि दोन मासळ्या द्याव्या लागल्या. लाजर मेलेला उठला तिथेही येशूने कबरीवरची धोंड लोकांनाच बाजूला करायला लावली, आणि लाजर बाहेर आल्यावर त्याची बंधनं सोडण्याचं कामही त्यांच्यावरच टाकलं. जो मेलेल्याला उठवतो त्याला धोंड जड होती का? पण धोंड हलवणं आपल्या आवाक्यातलं, म्हणून ते आपल्याकडे!

पुढे संत पौलाने हे शेतीच्या भाषेत सांगितलं. एकजण रोप लावतो, दुसरा पाणी घालतो, वाढवतो तो देव. आपण त्याचे सहकामगार.

याचं सगळ्यात जवळचं उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. संत जुझे वाझ. जन्म 1651 चा, बाणावलीचा, घराणं सांकवाळचं. त्या काळात एतद्देशीय पाद्रींना युरोपियन धर्मसंघांची दारं बंद होती. तेव्हा जुने गोवे इथे अशा पाद्रींचा स्वतःचा संघ त्यांनी 1685 साली उभा केला. श्रीलंकेत डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातल्याने तिथले ख्रिस्ती लोक वाऱ्यावर पडले होते. 1687 साली हा माणूस मजुराच्या वेशात समुद्र ओलांडून तिथे पोचला. तिथल्या भाषा शिकला. कँडीच्या राजाने त्यांना पोर्तुगीजांचा हेर समजून तुरुंगात टाकलं.

त्यांच्या नावावर एक चमत्कारही सांगतात. 1696 च्या अवर्षणात त्यांनी प्रार्थना केली आणि पाऊस पडला, अशी परंपरा आहे. पण मला अधिक भिडतं ते त्यानंतरचं वर्ष. कँडीत देवीची साथ आली. घरच्या माणसांनी टाकून दिलेल्या रोग्यांना फादर वाझ आणि त्यांचे भाचे फादर कार्व्हालो यांनी उचललं, धुतलं, भरवलं. मेलेल्यांना मूठमाती दिली. ही साथ प्रार्थनेने थांबली असती तर कथा छान झाली असती. तसं झालं नाही. माणसं मरत होती आणि हे दोघे राबत होते.

1711 साली ते कँडीतच वारले, गोव्याला परत आलेच नाहीत. 2015 साली पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं. यासाठी एरवी लागणाऱ्या दुसऱ्या चमत्काराची अट त्यांच्या बाबतीत पोपनी माफ केली होती. मला यातच सगळं आलं असं वाटतं.

हे मला पुस्तकातून कळलं, पण पटलं ते घरात. माझे वडील अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. भेटायला येणारे 'देवाची इच्छा' म्हणून चहा पिऊन जात. कचेरीतल्या एक वयस्क ख्रिश्चन सहकारी, सासष्टीतल्या, रविवारी आल्या. वडिलांची पाठ बघून त्यांनी मला कूस बदलायला बोलावलं. म्हटलं, "बाय, तुम्ही कशाला? तुम्ही फक्त प्रार्थना करा." त्या म्हणाल्या, "मागणें सकाळीं मिसाक जालें. आतां हात लाय."

वडील बरे झाले नाहीत. पण त्या बाईंनी शिकवल्याप्रमाणे दर दोन तासांनी आम्ही कूस बदलत गेलो, आणि शेवटपर्यंत त्यांच्या पाठीला जखम झाली नाही. वाढवणारा देव, हे पौलाचं म्हणणं मला तेव्हा उमगलं. फळाचा भार आपल्या डोक्यावर नसतो, पाणी घालण्याचा मात्र असतो. आपल्याला इथे गीतेतला निष्काम कर्मयोग आठवेल. फरक एवढाच की ख्रिस्ती श्रद्धेत देवाची कृपा आधी येते. कष्ट ही तिची किंमत नव्हे, तिला दिलेला होकार.

दर 16 जानेवारीला सांकवाळला संत जुझे वाझ यांचं फेस्त भरतं. वाटेवर असलात तर जरूर थांबा. मेणबत्ती लावा, मागायचं ते मागा. आणि घरी कुणी अंथरुणावर असेल, तर वेळेवर परत या... कूस बदलायची असते.