जुन्या मोटारीची नाडी

जुनी मोटार सहसा एकाएकी बंद पडत नाही. ती आधी तक्रार करते. चढणीवर तिचा आवाज तुटक होतो, सकाळी ती थरथरत जागी होते, रात्रभर उभी राहिलेल्या जागी ओला डाग ठेवून जाते. तिची ही भाषा समजून घेण्याइतका धीर मात्र फार थोड्या मालकांपाशी असतो. कोणी प्लग बदलतो, कोणी रेडिएटरात रोज तांब्याभर पाणी ओततो आणि काम भागले असे मानतो. तक्रार तेवढ्यापुरती शमते. रोग मात्र आत वाढतच राहतो.

मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळे सर्वांच्या परिचयाची झालेली पद्मिनी मोटारच पाहा. 1964 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी फियाट या नावाने तयार होऊ लागली. पद्मिनी हे नाव तिला पुढे मिळाले. 2023 च्या ऑक्टोबरात टॅक्सी म्हणून तिने मुंबईच्या रस्त्यांचा निरोप घेतला. तरीही काही हौशी मालकांनी आपल्या पद्मिनी अजून जिवापाड जपल्या आहेत. तिचे इंजिन 1089 घन सेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे. आजच्या मोटारीत संगणक असतो आणि बिघाड झाला की तो त्याची खूण सांगतो. पद्मिनीपाशी असा दुभाषा नाही. तिची परीक्षा डोळे, कान, नाक आणि हात यांनीच करावी लागते.

प्रत्येक सिलिंडरात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण येते, दाबले जाते, ठिणगीने पेटते आणि जळालेला वायू बाहेर पडतो. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल, तर एकेका सिलिंडरात सेकंदाला 25 वेळा हा जाळ व्हावा लागतो. त्यांतले काही जाळ चुकले की इंजिन अडखळते. ‘गाडी मिसिंग करते,’ असे कारागीर म्हणतात ते यालाच. चार भोयांच्या पालखीतील एकाने मधूनमधून खांदा काढून घ्यावा आणि पालखी हेलकावावी, तसाच हा प्रकार. कोणता भोई अंग चोरतो हे ओळखण्याची रीतही सोपी आहे. इंजिन संथ चालू ठेवून जाणता कारागीर एकेका सिलिंडराची ठिणगी क्रमाने तोडतो. कामसू सिलिंडर थांबवला की इंजिन आणखी लंगडते. ज्याला थांबवूनही काहीच फरक पडत नाही, तो दोषी. मग त्याचा प्लग काढून पाहावयाचा. प्लगाचे टोक बदामी असले तर जाळ ठीक आहे. कोरडी काळी काजळी असली तर पेट्रोल अधिक येते आहे. ते तेलकट असले तर आत तेल शिरते आहे. आणि टोक धुऊन काढल्यासारखे लख्ख असले, तर मात्र कारागिराच्या कपाळाला आठी पडते.

या जाळाची उष्णता थोडीथोडकी नसते. पेटलेल्या वायूचे तापमान क्षणभर 2000 अंशांच्याही वर जाते. म्हणून सिलिंडरांभोवती पाणी खेळवलेले असते. पंप ते फिरवतो आणि रेडिएटरात वाऱ्याने ते निवते. रेडिएटरचे झाकण घरातल्या कुकरच्या झाकणासारखे काम करते: आतला दाब वाढतो आणि पाणी 100 अंशांवर गेले तरी उकळत नाही. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये; उसळलेले पाणी हात व तोंड भाजून काढते. पाणी कोठून गळते हे बहुधा त्याच्या खुणांवरून कळते. रबरी नळीच्या टोकाशी पांढरट किंवा तांबूस पापुद्रा धरतो, पंपाखाली थेंब लोंबतो. परंतु पाणी रोज कमी व्हावे आणि जमिनीवर एक थेंबही दिसू नये, असे झाले म्हणजे?

एका निवृत्त शिक्षकांच्या पद्मिनीचे नेमके हेच झाले होते. तीन वेळा प्लग बदलून झाले होते. गाडी भंगारात देण्याचा सल्लाही आप्तांनी दिला होता. शेवटी एका वृद्ध मिस्त्रींना पाचारण झाले. त्यांनी हत्यारांची पेटी उघडली नाही. त्यांनी प्रश्न विचारले.

“गुरुजी, पाणी कमी होते म्हणता, ओघळ कोठे दिसतो का?”

“नाही हो मिस्त्री. तेच तर कोडे आहे.”

“आणि मिसिंग केव्हा करते?”

“सकाळी. चारपाच मिनिटे धडधडते, मग सुरळीत चालते.”

“मग रात्री ही काय पिते, ते पाहिले पाहिजे!”

त्यांनी प्लग काढले. तिसऱ्या सिलिंडराचा प्लग लख्ख धुतलेला निघाला. थंड इंजिनाचे झाकण काढून गाडी सुरू करताच रेडिएटरात बुडबुडे येऊ लागले. इंजिन तापल्यावरही सायलेन्सरातून पांढरा धूर येतच राहिला आणि त्याला कूलंटचा गोडसर वास होता. इंजिनाचा ठोकळा व त्यावरचे हेड यांच्यामध्ये गॅस्केट नावाचा पातळ पत्रा असतो. तो तिसऱ्या सिलिंडरापाशी फुटला होता. इंजिन थांबल्यावर दाबाखालचे पाणी तेथून आत झिरपे. सकाळी ओल्या प्लगाची ठिणगी विझे. ओल सुकली की सिलिंडर पुन्हा कामाला लागे. तक्रारी दोन होत्या, मूळ एकच.

दुर्लक्ष झाले असते, तर इंजिनच गेले असते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. सिलिंडर पाण्याने भरला असताना इंजिन फिरवले, तर आतला पोलादी दांडा वाकतो. मिस्त्रींनी हेड उतरवले, त्यावर सरळ पट्टी धरून पाहिली, कागद शिरेल एवढा बाक आढळला तो घासून घेतला, नवे गॅस्केट बसवले आणि मधल्या नटांपासून कडेकडे, थोडेथोडे करीत सर्व नट आवळले. बिचारे प्लग निर्दोष होते. तेच पुसून पुन्हा लावले.

प्रत्येक अडखळण्यामागे गॅस्केटच असते असे मात्र नव्हे. बहुधा एखादी सैल तार, झिजलेला पॉइंट किंवा मळलेला प्लग एवढेच कारण असते, म्हणून शोध नेहमी सोप्यापासून आरंभावा. थंडीच्या सकाळी दिसणारा पांढरा धूर पुष्कळदा नुसती वाफ असते व इंजिन तापताच ती नाहीशी होते. घाबरणे आणि दुर्लक्ष करणे, दोन्ही सारखेच घातक. खरा कारागीर या दोहोंच्या मधल्या वाटेने जातो. तो आधी विचारतो, मग पाहतो, मग ताडून घेतो आणि सर्वांत शेवटी पाना हाती घेतो. त्याच्या हाताच्या कौशल्याचे सर्वजण कौतुक करतात. पण पाना उचलण्यापूर्वी तो जो वेळ घालवतो, त्यातच जुन्या यंत्राचे आयुष्य वाढलेले असते.