कासरा सोडलास, पट सोडू नकोस

प्रिय दादा,



शंकरपटाचं, म्हणजे आपल्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीचं, पहिलं बक्षीस घरी आलं आणि त्याच आठवड्यात तू सांगून टाकलंस की यापुढे छकड्यावर बसणार नाही. वहिनीचा फोन आला तेव्हापासून पांढरकवड्यात जो भेटतो तो मला हेच विचारतो. बाजार समितीत कापूस घेऊन आलेले कास्तकार विचारतात, शाळेतले माझे सहकारी विचारतात. कोणी म्हणतं कंबर गेली, कोणी म्हणतं पटाच्या समितीशी वाजलं, कोणी म्हणतं जोडीला मोठं गिऱ्हाईक लागलं. जिंकलेला माणूस थांबला म्हणजे काहीतरी बिनसलंच असणार, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. मला तसं वाटत नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि चारचौघांनी वाचावं अशा बेतानं लिहिते आहे.

तुझा भाचा मोटारींच्या शर्यतींचा वेडा, हे तुला माहीतच आहे. बातमी ऐकल्याबरोबर तो म्हणाला, “मामानं रोसबर्गसारखं केलं!” मग त्यानं मला सगळं समजावून सांगितलं. निको रोसबर्ग हा जर्मनीचा ड्रायव्हर. २७ नोव्हेंबर २०१६ रोजी अबू धाबीच्या शर्यतीनंतर तो फॉर्म्युला वनचा जगज्जेता झाला. वर्षाअखेर त्याचे गुण ३८५, आणि त्याच्याच मर्सिडीज संघातल्या लुईस हॅमिल्टनचे ३८०. पोरवयात कार्टिंगमध्येही दोघं एका संघातून धावलेले. त्या शेवटच्या शर्यतीत हॅमिल्टन पुढे होता आणि मुद्दाम वेग आवरून चालवत होता, म्हणजे मागच्या गाड्यांनी रोसबर्गला गाठावं. रोसबर्गनं दुसरा नंबर सोडला नाही. पाच दिवसांनी, २ डिसेंबरला, त्यानं निवृत्ती जाहीर केली. वय अवघं ३१. त्याचे वडील केके रोसबर्ग १९८२ सालचे जगज्जेते. आपणही जगज्जेतं व्हायचं, हे त्याचं लहानपणापासूनचं ध्येय होतं. ते गाठलं गेलं. त्या एका वर्षापायी घरच्यांनी जे सोसलं, ते पुन्हा सोसा म्हणायची त्याची तयारी नव्हती.

असे आणखीही होऊन गेले. जॅकी स्टुअर्टनं १९७३ मध्ये तिसऱ्यांदा जगज्जेतेपद मिळवलं. वर्षाअखेर थांबायचं त्यानं आधीच ठरवलं होतं. अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला सरावात त्याचा जोडीदार फ्रान्स्वा सेव्हेर गेला, तेव्हा आपली शंभरावी शर्यत न धावताच स्टुअर्ट बाजूला झाला. अलँ प्रोस्ट १९९३ मध्ये चौथ्यांदा जिंकला आणि थांबला. यांतला कोणीही हरून गेला नाही.

तुझं थांबणं मला याच ओळीतलं वाटतं. पटात जोडी हाकणारा धुरकरी म्हणजे काय, हे बघणाऱ्याला त्या काही सेकंदांपुरतं दिसतं. त्यामागचं वर्ष आम्ही घरच्यांनी पाहिलंय. पहाटे अंधारात उठून ढेप भिजवणं, बैलांना फिरवून आणणं, खांदा दुखावला तर रात्रभर गोठ्यात बसणं. संक्रांत झाली की जोडी टेम्पोत चढवून गावोगाव. वहिनीनं कितीतरी सण एकटीनं केले आणि कधी बोलून दाखवलं नाही. आता तू पोरांजवळ राहायचं ठरवलंस तर त्याला लोकांनी पळपुटेपणा म्हणू नये. जिंकून थांबायचा हक्क तू कमावला आहेस.

हा हक्क मला इतका मोलाचा वाटतो, त्याला कारण आहे. एकदा तो तुम्हा सगळ्यांकडून काढून घेतला गेला होता. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. तमिळनाडूच्या जल्लिकट्टूबरोबर आपल्या बैलगाडा शर्यती आणि शंकरपटही बंद झाले, आणि राज्यातले सगळे धुरकरी एका दिवसात निवृत्त झाले. आपल्या विधिमंडळानं २०१७ मध्ये कायदा दुरुस्त केला, पण प्रकरण पुन्हा न्यायालयात अडकलं. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो कायदा वैध ठरवला. मधली साडेसात वर्षं माणसासाठी थोडी असतील, बैलाच्या आयुष्यात ती सगळी तरणी वर्षं असतात. तेव्हा गोठ्यात जी दोनदाती जोडी होती, ती पट न बघताच म्हातारी झाली.

आणि दादा, न्यायालयानं बैलांच्या छळाचा विचारलेला प्रश्न खोटा नव्हता, हे तूही मानतोस. शेपटी पिरगाळणारे, तुतारी टोचणारे होतेच. आज जिल्हा प्रशासनाची परवानगी लागते, बैलाची वैद्यकीय तपासणी लागते, छळ केला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तू बंदीच्या आधीपासूनच रिकाम्या हातानं जोडी हाकायचास. तुझा आवाज ऐकला की बैल कान टवकारायचे. म्हणूनच तुझ्या जिंकण्याला मान होता.

आता मला जे खरं सांगायचंय ते सांगते. लोक म्हणतात, तू गेलास म्हणून पटाची मजा गेली. माझ्या मते मजा आधीच उतरणीला लागली होती. तू थांबलास तेव्हा ते सगळ्यांच्या लक्षात आलं.

पट परत सुरू झाला आणि त्याच्यामागून मोठा पैसा आला. नावाजलेल्या बैलांचे सौदे लाखांत होऊ लागले. तिकडे सांगली जिल्ह्यात पहिलं बक्षीस म्हणून थार गाडी ठेवली गेली. बक्षीस मोठं झालं याचं दुःख नाही. कास्तकाराच्या बैलाला मान मिळतो, तर मिळू दे. पण ज्याच्याकडे पैसा तोच चांगला बैल घेणार, तोच कसलेला धुरकरी बोलावणार, तोच जिंकणार, असं होऊ लागलं की जू खांद्यावर ठेवायच्या आधीच निकाल ठरलेला असतो. खरिपात ज्या जोडीनं पऱ्हाटीत डवरे ओढले, ती जोडी माघात पटावर उतरून जिंकू शकते, ही आशा हाच तर आपल्या पटाचा जीव होता. बाबा गवळाऊ बैलांची तारीफ करायचे ती यासाठीच. वर्धेकडची ही हलकी, चपळ जात वावरातही कामाला येते आणि धावतेही. आता एकीकडे ट्रॅक्टर आल्यानं वावरातले बैल कमी झाले आणि दुसरीकडे पटाचे बैल वावराला शिवेनासे झाले. बघणाऱ्याला आपलं म्हणावं असं त्यात उरलं काय? म्हणून तो बांधावर उभं राहायचं सोडून मोबाइलवर निकाल बघतो.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. रोसबर्ग जिंकला त्या २०१६ सालच्या २१ शर्यतींपैकी १९ एकट्या मर्सिडीजनं जिंकल्या. चुरस होती ती दोघांची, आणि तीही एकाच संघातल्या. त्यातला एक उठून गेला तेव्हा लोकांना अंगण ओस पडल्यासारखं वाटलं. पुढे हॅमिल्टननं ओळीनं चार जगज्जेतेपदं घेतली. २०२१ मध्ये शेवटच्या शर्यतीआधी त्याचे आणि मॅक्स वेरस्टॅपनचे गुण सारखे, ३६९.५, झाले तेव्हा सारं जग पुन्हा टीव्हीपुढे बसलं. मग २०२३ मध्ये रेड बुलनं २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या, त्यातल्या १९ वेरस्टॅपनच्या, आणि बघणारे पुन्हा कंटाळले.

पण त्या खेळानं हात टेकले नाहीत. २०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा घातली. जो संघ पुढे, त्याला पवनबोगद्यात गाडी तपासायला वेळ कमी. जो मागे, त्याला जास्त. याचं फळ यायला थोडी वर्षं लागली, पण आलं. २०१६ मध्ये वर्षभरात शर्यत जिंकणारे ड्रायव्हर चार होते, २०२३ मध्ये तीन, आणि २०२४ मध्ये सात. शर्यत सुटताना किती जणांना जिंकण्याची खरी संधी आहे, यावर तिची रंगत ठरते. वेग तर २०२३ मध्येही होताच. एखादा जगज्जेता राहिला की गेला, यानं फार बिघडत नाही. त्याच्या मागे उभे असलेले दहा जण जिंकू शकतात की नाही, हे महत्त्वाचं.

म्हणून माझं मागणं आहे. छकड्यावर पुन्हा बस, असं मी म्हणत नाही. पण पटापासून पाठ फिरवू नकोस. आपल्या केळापूर तालुक्यात तुझ्या शब्दाला वजन आहे. पटाच्या समितीत पंच म्हणून बस आणि तीन गोष्टींचा आग्रह धर. पहिली, वावरात काम करणाऱ्या बैलांचा वेगळा गट. काही समित्या गावगट ठेवतातच. तो शेवटी, अंधार पडताना, उरकायचा म्हणून होऊ नये. भर दुपारी, गर्दी असताना व्हावा, आणि बक्षिसाच्या रकमेतला चांगला वाटा त्याला मिळावा. दुसरी, दोन जोड्या शेजारी शेजारी सुटाव्यात. एकटी जोडी पळते आणि निकाल घड्याळ सांगतं, तेव्हा आकडा कळतो, पण झुंज दिसत नाही. तिसरी, ज्याच्या हातात टोचणी दिसेल तो तिथल्या तिथे बाद, मग तो कितीही मोठा मालक असो.

आणि पोट्ट्यांना शिकव. पोळ्याला जोडी सजवून मिरवायला गावात खूप हात पुढे येतात. पण कासरा किती सैल सोडायचा, बैल बिथरला तर कोणत्या आवाजात बोलायचं, दमलेली जोडी कधी उतरवायची, हे तुझ्या पिढीनं सांगितलं नाही तर कोणाला येणार? साडेसात वर्षांच्या बंदीनं धुरकऱ्यांची एक फळी तशीच गेली आहे. दुसरी आपल्या हातानं घालवायची नाही.

तुझा भाचा संक्रांतीनंतर गावी येतो म्हणतो. त्याला मोटारींतलं पुष्कळ कळतं, बैलातलं काहीच नाही. त्याच्यापासूनच सुरुवात कर. आणि समितीची पुढची बैठक लागेल तेव्हा मला कळव, मीही येते. बायका तिथे बसत नाहीत हे ठाऊक आहे, पण ज्या घरांनी हा खेळ वर्षानुवर्षं पोसला, त्या घरांचं म्हणणं तिथे कोणीतरी मांडलं पाहिजे.

वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण,
पांढरकवडा