उशीर करायचा तर आवर्तनभर

इंटरनेटवरून दोघांना एकत्र वाजवता येतं का, असं विठ्ठलवाडीत माझ्याकडे तबला शिकणाऱ्या मुलांचे पालक हमखास विचारतात. मी उलट विचारतो, कुठून कुठे आणि वाजवायचं काय?

आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मैफलीत गायक आणि तबलजी दीड मीटरवर बसले, तरी चार-साडेचार मिलिसेकंदांचा उशीर होतोच. तो कुणाला जाणवत नाही. २५-३० मिलिसेकंदांच्या पुढे मात्र पंचाईत होते. समोरच्याची थाप उशिरा आली म्हणून मी रेंगाळतो, माझी उशिरा पोचली म्हणून तो रेंगाळतो, आणि दोघंही लयीचे पक्के असून लय ढिली पडत जाते. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणाऱ्या जोड्यांवर हेच मोजलं. उशीर साधारण ११-१२ मिलिसेकंदांहून कमी असेल तर लय चढते, जास्त असेल तर उतरते.

विठ्ठलवाडी ते पुणे जमण्यासारखं आहे. जॅकट्रिप किंवा जॅम्युलस ही सॉफ्टवेअर त्यासाठीच आहेत. वायफाय सोडून राउटरला केबल जोडायची आणि साउंडकार्डाचा बफर १२८ सॅम्पलवर आणायचा. ४८ किलोहर्ट्झला ते पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत बसतं. हेडफोन वायरचेच हवेत. ब्लूटूथने कित्येकदा शंभरावर मिलिसेकंदांची भर पडते. व्हिडिओ कॉलची ॲप या कामाची नाहीत. पंख्याची घरघर पुसता पुसता ती तानपुराही पुसतात. एकसुरी चालू राहणारं ते सगळं गोंगाट, असा त्यांचा हिशेब.

न्यू जर्सीतल्या शिष्याबरोबर यातलं काहीच चालत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो. साडेबारा हजार किलोमीटरला ६० मिलिसेकंद तर लागणारच, आणि केबलचे वळसे धरले की शंभराच्या घरात. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा २०० मिलिसेकंदांची. म्हणजे माझी सम त्याच्याकडे अर्धी मात्रा उशिरा पोचते, आणि ती ऐकून त्याने दिलेली थाप माझ्याकडे येईतो पूर्ण मात्रा गेलेली असते. "सर, तुम्ही मागे येताय," असं तो म्हणतो, आणि मला मागे तो वाटतो.

इथे विनॅम्पवाल्या जस्टिन फ्रँकेल यांच्या निन्जॅमची युक्ती कामी येते. उशीर कमी करायच्या भानगडीत न पडता ते सॉफ्टवेअर तो ठरलेल्या मात्रांइतका वाढवतं. मात्रा १६ ठेवल्या, लय मिनिटाला १२० ठेवली, की आठ सेकंदांनी, म्हणजे बरोबर एका आवर्तनाने, समोरच्याचं वादन समेवर येऊन पडतं. एकल तबलावादनात हार्मोनियमवर वाजणारा लेहरा प्रत्येक आवर्तनात तोच असल्यामुळे, मी कायदा वाजवताना हार्मोनियम मागच्या आवर्तनाची आली तरी बिघडत काहीच नाही. दोन्हीकडे ऐकू येणारी मैफल खरं तर वेगवेगळी असते, पण दोन्ही सुरळीत.

ख्यालाच्या साथीला हे चालायचं नाही. तिथे गायकाचं प्रत्येक आवर्तन नवं, आणि विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभराचंही असतं. शिवाय निन्जॅममध्ये लय हा ठरवलेला आकडा आहे. हातातून नकळत चढत जाणारी लय त्याला कळत नाही.

म्हणून लांबच्या शिष्यांना मी लेहरा त्यांच्याच घरी वाजवायला लावतो आणि नुसता ऐकतो. इथे पोचेपर्यंत तबला आणि लेहरा दोन्हींना सारखाच उशीर झालेला असतो, त्यामुळे सम चुकली तर ती शिष्याचीच चुकलेली असते.