शून्याखालचा साठा

उजनी धरणाच्या साठ्याची बातमी परगावचा माणूस पहिल्यांदा वाचतो तेव्हा बुचकळ्यात पडतो. 'उजनी उणे तीस टक्के.' धरणात शून्याहून कमी पाणी कसे असेल? इंदापूर तालुक्यात मात्र हा प्रश्न कोणाला पडत नाही. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यांपैकी ६३ टीएमसीच्या आसपास पाणी 'मृत साठा' म्हणून हिशेबाबाहेर ठेवलेले. उपयुक्त साठा संपला की आकडा शून्यावर येतो आणि त्याखाली उणे मोजणी सुरू होते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली, आणि एरवी पाण्यात असणारे पळसदेवचे पळसनाथाचे मंदिर उघडे पडले. म्हणजे आकडा शून्य दाखवतो तेव्हाही खाली पुष्कळ काही असते: पाणी, गाळ, देऊळ, घरांची जोती. भीमेकाठच्या ज्या गावांवर हे पाणी आले, त्यांतल्या एका गावात माझ्या आईचे माहेर होते.

मी साहित्याचा माणूस नव्हे. बारामती-इंदापूर भागातल्या शाळा, वाचनालये, पतसंस्था अशा लहान संस्थांचे सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय. परंतु 'रिकामे' आणि 'न वाचता येणारे' यांतला फरक या व्यवसायात रोज भेटतो, आणि तो केवळ तांत्रिक नाही असे मला दिवसेंदिवस वाटू लागले आहे. म्हणून हा प्रपंच.

प्रसंग इंदापूर तालुक्यातल्या एका संस्थेतला. धरणग्रस्त गावांचे कागद या संस्थेने गेल्या काही वर्षांत घरोघर फिरून गोळा केले आणि स्कॅन करून ठेवले. जुन्या गावांची छायाचित्रे, भूसंपादनाच्या नोटिसा, शाळांची जनरल रजिस्टरे, काही घरांतून आलेले मोडी कागदांचे रुमाल. बरेचसे मूळ कागद ज्याचे त्याला परत गेले. त्यांतले काही आता त्या घरांतही उरलेले नाहीत. चार टेराबाइटचा हा ऐवज नेटवर्कवरच्या एका स्टोरेज पेटीत होता. पेटी जोडलेली होती एका जुन्या सर्व्हरला. एकाच यंत्रात अनेक आभासी संगणक चालवणारा, ज्याला होस्ट म्हणतात, असा तो सर्व्हर. त्यावर व्हीएमवेअर होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ती कंपनी ब्रॉडकॉमने घेतली आणि त्यानंतर कायमस्वरूपी परवान्यांची विक्री थांबली. वार्षिक वर्गणी परवडत नाही म्हणून अनेक लहान संस्था प्रॉक्समॉक्स या मुक्त प्रणालीकडे वळल्या. ही त्यांतलीच एक. नवा सर्व्हर आला होता. जुनी पेटी त्याला जोडायची, आतले काही न गमावता, एवढेच काम.

'एवढेच' हा शब्द फसवा आहे, कारण पेटी जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली एनएफएसची, १९८४ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने आणलेली. तिच्यात फायलींची मांडणी पेटी स्वतः सांभाळते; होस्ट पाहुण्यासारखा येतो, मागेल ती फाइल त्याला मिळते. अशा जोडणीत फॉरमॅट करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. दुसरी आयस्कझीची, २००४ मध्ये प्रमाण ठरलेली. तिच्यात पेटी होस्टच्या हाती नुसती कोरी जमीन दिल्यासारखी एक अख्खी डिस्क देते. आत कोणती मांडणी आहे, ती वाचायची कशी, हे होस्टने पाहायचे. आमची पेटी या दुसऱ्या तऱ्हेने जोडलेली होती आणि आतली मांडणी होती व्हीएमएफएस, म्हणजे व्हीएमवेअरची स्वतःची. ती प्रॉक्समॉक्सला सरळ वाचता येत नाही.

तेव्हा नव्या सर्व्हरच्या पडद्यावर काय दिसले? एक ओळ. इतक्या आकाराची एक डिस्क. आत ना फाइल, ना नाव. संस्थेतला तरुण सहकारी माझ्या शेजारी बसला होता. तो सहज म्हणाला, "सर, ही रिकामीच दिसतेय. फॉरमॅट मारून घेऊ का?"

"रिकामी आहे असं कुठं लिहिलंय?"

त्याने पुन्हा पाहिले. "तसं नाही लिहिलेलं. पण आत काहीच दाखवत नाही ना."

त्या मुलाचा यात दोष नाही. बहुतेक यंत्रांची रीतच तशी आहे. अनोळखी डिस्क समोर आली की ती 'मला ही वाचता येत नाही' असे क्वचितच म्हणतात. वापरायची असेल तर तयार करून घ्या, असे अदबीने सुचवतात. आपले अज्ञान ती समोरच्याच्या रितेपणाच्या नावावर खपवतात. ही सवय यंत्रांनी आपल्याकडूनच घेतली असावी. १९५० च्या सुमारास मोडी शाळांतून गेली, आणि पुढच्या एक-दोन पिढ्यांत घराघरांतल्या पेट्यांमधले कागद 'काहीतरी जुने गिचमिड' होऊन रद्दीत गेले, बंबात गेले. ते कोरे नव्हते. वाचणारा उरला नव्हता. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा कचेऱ्यांतून मोडी जाणणाऱ्यांची शोधाशोध झाली. एका ओळीवर किती घरांचे भवितव्य टांगलेले असते, हे तेव्हा सर्वांना दिसले.

तर आम्ही फॉरमॅट केले नाही. काय केले ते थोडक्यात सांगतो, कारण क्रम महत्त्वाचा आहे. आधी जुना सर्व्हर चालू ठेवला. ती मांडणी वाचू शकणारा तोच एक होता, म्हणजे आमचा मोडीचा जाणकार. नव्या सर्व्हरला पेटीवरचा प्रवेशच बंद केला. याला आणखी एक कारण होते. व्हीएमएफएस एकाच वेळी अनेक होस्टना सांभाळून घेते, पण ते होस्ट तिचे नियम जाणणारे असावे लागतात. नियम न जाणणारा दुसरा कोणी त्याच डिस्कवर लिहू लागला तर दोघांची अक्षरे एकमेकांवर गिरवली जातात. मग संपूर्ण ऐवजाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढली. पेटीत दोन डिस्कांवर तीच माहिती आहे, मग बॅकअप कशाला, असे विचारले गेलेच. एक डिस्क बिघडली तर दुसरी तारते हे खरे. पण पुसण्याचा हुकूम दोन्ही डिस्का सारख्याच तत्परतेने पाळतात.

एक गिगाबिटच्या नेटवर्कवरून चार टेराबाइट जायला किमान दहा तास लागतात, आणि आमच्याकडे सलग दहा तास वीज राहील याची खात्री कोण देणार? म्हणून जिथे थांबेल तेथून पुढे सुरू होईल अशा रीतीने प्रत घेतली. तीन रात्री गेल्या. नंतर प्रत्येक फाइलची बेरीज, चेकसम म्हणतात ती, मूळ आणि प्रत अशी ताडून पाहिली. आभासी संगणक जुन्या सर्व्हरवरून थेट नव्यावर आणण्याची सोय प्रॉक्समॉक्सने २०२४ मध्ये केली आहे. तिच्या साहाय्याने एकेक संगणक बंद करून नव्या सर्व्हरच्या स्वतःच्या डिस्कवर आणला. तो सुरू झाला, आतली चित्रे उघडली, तेव्हाच पुढच्याला हात लावला. जुनी पेटी महिनाभर तशीच बाजूला ठेवली.

संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना हा उशीर खटकला. एका दुपारचे काम पंधरवडाभर चालले, त्याचे बिल झाले. त्यांचे म्हणणे अगदीच गैर नव्हते. जतन करण्याचे काम असेच असते. नीट झाले तर काहीच घडलेले दिसत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीचे पैसे द्यायला मन तयार होत नाही.

चित्रे तपासताना शाळेचे एक रजिस्टर उघडले. पान पिवळे, शाई फिकी, कडेला वाळवीची नक्षी. आईच्या गावची शाळा. तिचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, आणि शेवटच्या रकान्यात शाळा सोडण्याचे कारण म्हणून एकच शब्द: 'स्थलांतर'. ते पान मी छापून आईला नेऊन दिले. तिने चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले. स्वतःच्या नावावर ती थांबली नाही. बोट खाली खाली नेत वर्गातल्या बाकीच्या मुलींची नावे मोठ्याने वाचत गेली.