सुईचा भार

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या घरी रेकॉर्ड प्लेअर आणावयाचा विषय निघाला, तेव्हा सूनबाईंनी एक रास्त प्रश्न विचारला. खिशातल्या फोनवर हवे ते गाणे ऐकावयास मिळत असता हा खर्च कशासाठी? एकत्र कुटुंबात ४०,००० रुपये ही काही लहान रक्कम नव्हे. "घरातल्या तबकड्या वाया जाऊ नयेत म्हणून," एवढेच मी उत्तर दिले. ते खोटे नव्हते, पण पुरतेही नव्हते. पुरते उत्तर द्यावयाचे तर मला ५५ वर्षांहून अधिक मागे जावे लागते.

१९६९ साली मी अकरा वर्षांचा होतो. माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सर्वजण दादा म्हणतात, ते त्याच वर्षी नोकरीस लागले. पहिल्या पगारातून त्यांनी आईस लुगडे घेतले, वडिलांस छत्री घेतली आणि स्वतःसाठी पंडित भीमसेन जोशी यांची एक एल. पी. तबकडी घेतली. ती वाजविण्याचे यंत्र घरात नव्हते. ते पुढे सवडीने घेऊ, असा त्यांचा बेत होता. तोवर ती तबकडी कपाटात होती, आणि दादा रात्री तिचे वेष्टन हाती घेऊन नुसते वाचीत बसत.

घरात वडिलांचा चावीचा ग्रामोफोन होता. एके दुपारी सर्वजण निजलेले पाहून मी ती नवी तबकडी त्यावर चढविली, चावी दिली आणि पोलादी सुई तीवर टेकविली. जो आवाज निघाला तो गाण्याचा नव्हता. भांबावून मी सुई उचलली; पण तेवढ्यात काळ्या चकचकीत तबकडीवर करडा पट्टा उठला होता. दादांनी संध्याकाळी तो पाहिला. ते रागावले नाहीत, वडिलांस बोलले नाहीत. तबकडी पुसून त्यांनी वेष्टनात घातली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. यंत्र मात्र त्यांनी पुढे कधीच घेतले नाही. आम्हा धाकट्यांची शिक्षणे, बहिणींची लग्ने यांत ते पैसे गेले असे म्हणावे, तर तेही खरेच आहे. परंतु त्या करड्या पट्ट्याचा त्यात काही वाटा नव्हता, असे मी माझ्या मनास कधीच पटवू शकलो नाही.

आता दादांची ऐंशी वर्षे पुरी झाली. कान अद्याप शाबूत आहेत. माझी पोस्टातील एक ठेव मुदत भरून आली, आणि मी ठरविले की हे यंत्र आता तरी घरात यावे. परंतु चांगल्या हेतूने केलेली खरेदी चांगलीच होते असे नाही, हे मला लौकरच कळले.

दुकानात गेलो तेव्हा विक्रेत्याने लहानशा पेटीसारखे, झाकण मिटून हातात धरून नेता येईल असे एक यंत्र दाखविले. आतच ध्वनिक्षेपक, तिन्ही गतींची सोय आणि किंमत माझ्या रकमेच्या चौथाईहूनही कमी. मी पैसे काढण्याच्या बेतात होतो. माझ्या पुतण्याची मुलगी बरोबर होती. ती म्हणाली, "आजोबा, आधी आपल्याकडे कोणत्या तबकड्या आहेत ते मोजू या." आयुष्यभर मुलांस 'प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा' असे बजावणाऱ्या मास्तरास त्या पोरीने तोच धडा परत दिला. आम्ही रिकाम्या हाती घरी आलो.

घरी पेटारा उघडला. लाखेच्या जुन्या, मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्या ९२ निघाल्या. त्यांत बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव ही मंडळी होती. एल. पी. अकरा होत्या, दादांची एक, बाकीच्या पुढे नातलगांनी दिलेल्या. या मोजणीनेच निम्मा निर्णय झाला, कारण या दोन जाती दिसावयास सारख्या असल्या तरी त्यांचा संसार निराळा आहे.

७८ ची तबकडी लाख आणि दगडाची बारीक पूड यांच्या मिश्रणाची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावते. तिच्यातील पूड पोलादी सुईस घासून खाचेच्या मापाची करीत असे. म्हणूनच दर बाजूस सुई बदलावयाची रीत होती. चावीच्या यंत्रात सुईवर शंभर ग्रॅमहून अधिक भार पडे, आणि लाखेची कठीण तबकडी तो सोशी. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने एल. पी. बाजारात आणली. ती व्हिनाइलची, मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी, आणि तिच्या एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक गाणे मावणारे. हे साधले ते खाच अतिशय बारीक केल्यामुळे. ७८ ची खाच एल. पी. च्या खाचेच्या जवळजवळ तिप्पट रुंद असते. तेव्हा अकरा वर्षांच्या पोराने पोलादी सुई आणि शंभर ग्रॅमचा भार त्या नाजूक खाचेवर टेकविला, म्हणजे काय झाले, हे मला वयाच्या सहासष्टाव्या वर्षी शास्त्रोक्त रीतीने समजले.

सुयांचे मापही तसेच. एल. पी. च्या सुईचे टोक सुमारे १८ मायक्रॉन त्रिज्येचे, तर ७८ च्या सुईचे सुमारे ७५ मायक्रॉनचे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बारीक सुई रुंद खाचेत घातली तर ती तळाशी जाऊन बसते, आणि तेथे साठलेली जुनी धूळच अधिक वाजते. गाणे भिंतींवर कोरलेले असते, ते नीट हाती लागत नाही. त्या पेटीवजा यंत्रात तिन्ही गती होत्या खऱ्या, पण सुई एकच, बारीक. म्हणजे ७८ ची गती होती, ७८ चे वाचन नव्हते. शिवाय अशा बहुतेक यंत्रांत सिरॅमिक जातीचे स्वस्त कार्ट्रिज आणि कृत्रिम नीलमण्याची सुई असते. तिचा भार पाच ग्रॅमच्या आसपास असतो व तो कमीअधिक करता येत नाही. नीलम हिऱ्यापेक्षा लौकर झिजतो, आणि झिजलेली सुई खाच कुरतडू लागते. चांगले एल. पी. कार्ट्रिज दोन ग्रॅमच्या आसपासच्या भाराने काम भागविते. एकदा जड हाताने केलेली चूक मी स्वस्ताच्या मोहाने दुसऱ्यांदा करणार होतो!

जुने यंत्र दुरुस्त करून घ्यावे असाही विचार झाला. जुन्या बाजारात ती पुष्कळ मिळतात, आणि त्यांपैकी कित्येकांत उलटविता येणारी दुहेरी सुई असते, एक बाजू एल. पी. साठी व दुसरी ७८ साठी. परंतु आतील रबरी चाके कडक झालेली, वंगण थिजलेले आणि सुई मिळेल की नाही याची खात्री नाही. ज्याच्या ओळखीत जाणता कारागीर असेल त्याने तो मार्ग अवश्य धरावा. आमच्या ओळखीतला कारागीर आता हयात नाही.

नव्या यंत्रांत दोन मुख्य प्रकार आहेत. एकात मोटार बाजूस असते आणि रबरी पट्टा चकती फिरवितो. मोटारीची थरथर पट्ट्यात जिरते, पण पट्टा कालांतराने सैल होतो. दुसऱ्यात चकती मोटारीच्या आसावरच बसते. गती स्थिर राहते आणि बदलावयास पट्टा नसतो. यांत श्रेष्ठ कोणते यावर जाणत्यांत वाद आहे, आणि त्यात पडण्याचा माझा अधिकार नाही. ज्याच्या घरी केवळ एल. पी. आहेत, त्याने चांगल्या पट्ट्याच्या यंत्राने निश्चिंत राहावे. परंतु तशा पुष्कळ यंत्रांत ३३ आणि ४५ या दोनच गती असतात. आम्हास ७८ हवी होती, म्हणून आम्ही थेट मोटारीचे, तीन गतींचे यंत्र घेतले. त्याच्या बाहूवरचा भार मागच्या वजनाने जुळविता येतो व कार्ट्रिज बदलता येते. या दोन गोष्टी नसतील तर बाकीची शोभा व्यर्थ होय.

सुईचा प्रश्नही असाच सुटला. ऑडिओ-टेक्निका या जपानी कंपनीच्या व्हीएम ९५ मालिकेत कार्ट्रिजचे अंग एकच ठेवून पुढची सुई तेवढी काढता-घालता येते, आणि त्या मालिकेत ७८ साठी जाड सुईही मिळते. एल. पी. च्या साध्या सुईस दोन ग्रॅम, ७८ च्या सुईस पाच ग्रॅम भार द्यावयाचा. सुई बदलली की भार पुन्हा जुळवावयाचा, एवढे विसरता कामा नये.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. अशा कार्ट्रिजमधून निघणारा विद्युत्प्रवाह फार क्षीण असतो. शिवाय तबकडी कोरताना खर्ज मुद्दाम दाबलेला व तार स्वर चढविलेला असतो. वाजविताना तो उलट पूर्ववत करावा लागतो. १९५४ च्या सुमारास याचे एक सर्वमान्य प्रमाण ठरले. हे काम फोनो प्रीअँप्लिफायर करतो. तो यंत्रातच असला तर वेगळा खर्च वाचतो. आमच्या यंत्रात तो होता. पुतण्याच्या खोलीत जुना अँप्लिफायर व ध्वनिक्षेपकांची जोडी पडून होती, तीच झाडून घेतली. अँप्लिफायरवर 'मोनो' असे एक बटण होते. ७८ वाजविताना ते दाबले की खरखर पुष्कळ कमी होते, कारण त्या तबकड्यांत गाणे खाचेच्या आडव्या हेलकाव्यात असते आणि उभ्या हेलकाव्यातला कचरा दोन्ही बाजू एक केल्यावर परस्परांस छेद देऊन जातो. अशा रीतीने रकमेचे तीनचतुर्थांश यंत्रास गेले. उरल्यात जाड सुई, भार तोलण्याचा चिमुकला काटा आणि ब्रश आला. सूनबाईंस हिशेब दाखविला, तेव्हा थोडे पैसे परतही करता आले.

यंत्र भिंतीलगतच्या दगडी कट्ट्यावर ठेविले, कारण लाकडी मेजावर माणसांच्या चालण्याने सुई थरथरते. गवंड्याकडून पाणसळ मागून आणून ते समपातळीत बसविले. लाखेच्या तबकड्या स्पिरिटने कदापि पुसू नयेत, लाख विरघळते. ऊर्ध्वपातित पाण्याने किंचित ओलसर केलेले मऊ फडके पुरे. व्हिनाइल उन्हापासून जपावे. दोन्ही जाती उभ्या ठेवाव्यात, एकीवर एक रचू नयेत.

पाडव्याच्या संध्याकाळी सारे घर जमले. आधी हिराबाईंची ७८ लावली. वहिनींनी डोळ्यांस पदर लावला. लहान मुले तबकडीच्या फिरण्याकडे पाहत बसली. मग मी सुई बदलली, काट्यावर भार तोलला आणि दुसरी एखादी एल. पी. काढू लागलो. तेवढ्यात दादा उठले, आणि वरच्या फळीवरची ती तबकडी त्यांनी माझ्या हाती दिली.

मी म्हणालो, "दादा, ही लावता यावयाची नाही. खाच मोडलेली आहे, नवी सुई खराब होईल." आणि मग इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो तेही बोलून गेलो, "ती मीच मोडली. तुमची क्षमाही मी कधी मागितली नाही."

दादा म्हणाले, "अरे, ते मला त्याच दिवशी ठाऊक होते. उलटी करून लाव ना. दुसरी बाजू तू कुठे वाजवली होतीस?"

मी तबकडी उलटली. ती बाजू कोरी करकरीत होती. इतक्या वर्षांत तीवर सुई टेकलीच नव्हती, आणि मला एकदाही ती उलटून पाहावीशी वाटली नव्हती. गाणे सुरू झाले आणि शेवटपर्यंत चालले. दादा डोळे मिटून मांडीवर ताल धरीत होते. संपल्यावर ते एवढेच म्हणाले, "आता उद्या पुन्हा लाव."

वाचकांपैकी कोणाच्या घरी असा पेटारा असेल, तर त्यांस माझे सांगणे थोडके आहे. आधी तबकड्या मोजा, मग यंत्र पाहा. पैसा दिखाऊ पेटीवर न घालता, जी वस्तू तबकडीस प्रत्यक्ष स्पर्श करते तीवर घाला. भार हलका ठेवा. आणि एखादी तबकडी बिघडली आहे असे समजून टाकून देण्यापूर्वी ती एकदा उलटून पाहा.