पडण्याला कात्री

जून महिना लागला की नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे घेत लातूरकडे येणाऱ्या एस.टी. गाड्यांचे रूप पालटते. टपावर गाद्यांच्या वळकट्या, आत लोणच्याच्या बरण्या, आणि त्या पसाऱ्यात अवघडून बसलेला एखादा मुलगा! मुलगा डॉक्टर व्हायला निघालेला असतो. नांदेडला शिकवणीवर्गांचा तुटवडा आहे असे मुळीच नाही. पण दूरच्या विहिरीचे पाणी गोड लागते म्हणतात. ज्या लातूरने 2016 साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणवून तहान भागवली, त्याच लातुरात माणसे ज्ञानासाठी मुले आणून सोडतात, ही मौज निराळीच.

माझा भाचा असाच आमच्या घरी आला. परीक्षा त्याने एकदा दिली होती. आता दुसरी खेप. 720 गुणांचा तो पेपर. घरात त्या आकड्याशिवाय दुसरा आकडा कोणी उच्चारीत नसे. महिन्याभरात नांदेडहून आक्काचा फोन आला, “रात्री एक वाजेस्तोवर काय करायलंय रे ते पोरगं? तू मास्तर हाईस, जरा बघ की.”

मी चित्रकलेचा मास्तर. मॅट्रिकनंतर ब्रश हाती धरला, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. हेरगिरी हा काही माझा विषय नव्हे. पण आक्काचा शब्द मोडण्याची आमच्या घरी रीत नाही. एका रात्री जाऊन मागे उभा राहिलो. संगणकावर एक पोरगा चार चाकांच्या फळीवर उभा राहून पायऱ्यांवरून उडी मारीत होता आणि आपटत होता. पुन्हा उडी, पुन्हा आपटणे. मी मोजीत राहिलो. एकतिसाव्या खेपेला तो उभाच्या उभा जमिनीवर उतरला, तेव्हा भाच्याने हाताची मूठ वळली आणि मीही, काही कारण नसताना, वळली.

त्या खेळाचे नाव ‘स्केटर एक्सएल’. 2020 साली तो पुरा होऊन बाजारात आला. हातातल्या यंत्राला दोन दांड्या असतात; डावी दांडी म्हणजे डावा पाय, उजवी म्हणजे उजवा. एका पायाने फळीची शेपूट दाबायची, दुसऱ्याने तिला हवेत सरळ करायचे, की फळी पायाला चिकटल्यासारखी उडते. तिला ‘ऑली’ म्हणतात. “याला गुण किती मिळतात रे?” मी सवयीने विचारले. “गुण नाहीत मामा. हितं गुणच नाहीत,” तो म्हणाला. हे सांगताना त्याचा चेहरा मी पाहिला, आणि आक्काला काय कळवायचे हा प्रश्न माझ्यापुरता फार अवघड होऊन बसला.

पण खरा उद्योग पुढेच होता. उडी साधली की खेळ थांबवून मागे नेता येतो, आणि घडून गेलेल्या उडीभोवती आपण कॅमेरा घेऊन हिंडू शकतो. हवे तिथे उभे राहा, हवे तेवढे वाका. ही गोष्ट खऱ्या छायाचित्रकाराच्या नशिबी कधी आली नाही. तरीही नवशिक्याची चित्रे वाईटच येतात, आणि का येतात ते मला पाचच मिनिटांत दिसले. कॅमेऱ्याने कुठून कुठे जायचे त्याच्या खुणा ठेवायच्या असतात. दोन खुणा ठेवल्या की मधली वाट यंत्र आपले आपण चालते. चिरंजिवांनी दहा खुणा ठेवल्या होत्या. कॅमेरा वरातीतल्या घोड्यासारखा नाचत होता, आणि बिचारी उडी कुठल्या कुठे हरवली होती.

मी म्हणालो, “गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. म्हणून चित्र काढताना आपण सोळाही रस्त्यांवर उभे राहतो का? एक रस्ता धर आणि बूड टेकून बस.” आठ खुणा पुसल्या. कॅमेरा पायऱ्यांच्या तळाशी, जमिनीलगत आणला. भिंगही माशाच्या डोळ्यासारखे फुगीर निवडले. खरे खेळाडू तेच वापरीत. सोनीच्या 1995 सालच्या व्हीएक्स-1000 कॅमेऱ्यावर ते चढवून मागोमाग धावत चित्रण करायचे. त्या भिंगातून चार पायऱ्या कड्यासारख्या दिसतात. यात थोडी लबाडी आहे, हे मी कबूल करतो. पण कादंबरीकाराने कुणाला नावे ठेवायची?

मग कात्री आली. पाय टेकताक्षणी तो दृश्य तोडीत असे. मी म्हटले, फळी टेकल्यावर दोन सेकंद तरी त्याला पुढे जाऊ दे. उतरला तो खरोखर उतरला, हे बघणाऱ्याला पटायला तेवढा वेळ लागतो. गाणे काढून चाकांचा खरखराट ठेवला. तोही त्याने ऐकले. तो अडला तो फक्त एका जागी. मला एकतीसपैकी दोन-तीन आपटणी चित्रात हवी होती. तो म्हणाला, “पडलेलं कोण बघतंय, मामा?”

यावर मी त्याला टोनी हॉकची गोष्ट सांगितली. ती मला त्याच्याच पुस्तकी मित्रांकडून कळली होती. 1999 च्या जूनमध्ये या माणसाने हवेत अडीच गिरक्या घेतल्या, नऊशे अंशांच्या. त्याआधी त्याच संध्याकाळी तो अकरा वेळा चुकला होता. वेळ संपूनही तो थांबला नाही, आणि बारावी खेप साधली. लोकांना ती उडी आठवते याचे कारण आधीच्या अकरा आहेत. (त्यांच्या हिशेबात दोन गिरक्या म्हणजे सातशेवीस. हे मी भाच्याला सांगितले; तो बऱ्याच दिवसांनी हसला.)

दादासाहेब फाळकेही मी ओढून आणले. 1912 साली विलायतेहून कॅमेरा घेऊन आले तेव्हा हा त्र्यंबकेश्वरचा माणूस माझ्याच वयाचा होता, चाळिशी उलटलेला. ‘राजा हरिश्चंद्र’ पुढच्या वर्षीचा. त्याआधी त्यांनी कुंडीतल्या दाण्याला अंकुर फुटून वेल कसा होतो, त्याची चित्रे रोज थोडी थोडी घेऊन एक चिमुकली फिल्म केली, आणि ती दाखवून भांडवल मिळवले. पैसे देणाऱ्याला आधी वाटाण्याचा वेल दाखवावा लागतो. आमच्याकडची पैसे देणारी आक्का होती, आणि ती दसऱ्याला येणार होती.

ती आली ती संगणक परत न्यायचा असे ठरवूनच. खुर्चीवर न बसता, पिशवी खांद्याला तशीच ठेवून तिने ते पंधरा सेकंद पाहिले. पोरगा आला, उडाला, उतरला, निघून गेला. आक्का म्हणाली, “बरं. पण ह्याच्यासाठी रात्रभर?”

भाचा काही बोलेना. मग त्याने आपण होऊन मूळची सगळी नोंद उघडली. पहिली खेप, दुसरी, तिसरी. सहाव्या खेपेला आक्काने पिशवी खाली ठेवली. बाराव्या-तेराव्या खेपेला तो पोरगा कठड्यावर असा आदळला की तिने “आई गं!” म्हणून तोंडावर पदर धरला, आणि विचारले, “ह्येबी उठतंय का?”

“उठतंय की,” भाचा म्हणाला.

एकतिसावी होईपर्यंत ती जागची हलली नाही. नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाली, “मागच्या साली निकाल लागला तवा हे पोरगं तीन दिवस अंथरुणातून उठलं नव्हतं. तुला सांगितलं नाही मी.” आणि भाजी चिरायला बसली. संगणक राहिला, रात्री अकराला बंद, या बोलीवर.

परवा त्याने तीन आपटणी चित्रात घातली. पंधरा सेकंदांचे सव्वीस झाले आहेत. माझ्या मते दुसरे आपटणे काढावे, ते पहिल्यासारखेच आहे. त्याचे म्हणणे, तेच सगळ्यांत जोरात लागले होते. वाद अजून मिटलेला नाही. परीक्षा मे महिन्यात आहे.