बँड कुणाच्या हातात?

ऑगस्टमधल्या पहिल्या रविवारनंतरचा सोमवार हा आमच्या शाळेत पी.टी.च्या सरांचा जप्तीचा दिवस. आदल्या दिवशी फ्रेंडशिप डे झालेला असतो आणि मुलं कोपरापर्यंत बँड चढवून येतात. सर प्रार्थनेच्या रांगेतच ते उतरवून घेतात. त्यामुळे 10 सप्टेंबरच्या जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिनानिमित्त अख्ख्या शाळेला बँड वाटायचे असं स्टाफरूममध्ये निघालं, तेव्हा सगळ्यात आधी हसले ते सरच. म्हणाले, ‘‘म्हणजे मी काढायचे आणि तुम्ही घालायचे!’’

कल्पना एका माजी विद्यार्थ्याची. पैसेही तोच देणार होता. रंग ठरला होता, मजकूरही ठरला होता : ‘जीवन सुंदर आहे’. मोडता घातला तो आमच्या समुपदेशक मॅडमनी. ‘‘ज्या मुलाला रात्र-रात्र झोप नाही, त्याच्या हातावर तुम्ही हे लिहिणार? तो म्हणेल, सगळ्यांना सुंदर दिसतंय, म्हणजे माझ्यातच काहीतरी बिघडलंय.’’ आणि मग जरा हळू आवाजात, ‘‘शिवाय आपलं मनगट कुणाला दिसू नये म्हणून जपणारी मुलंही वर्गात असतात, हे विसरू नका.’’ यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं. मुलांना वाटायचे बँड तिथेच बारगळले.

मग मॅडमनी अमेरिकेतली एक गोष्ट सांगितली. 1994 साली कोलोरॅडो राज्यात एका किशोरवयीन मुलाने आत्महत्या केली. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी आई-वडील आणि मित्रमंडळींनी पिवळी रिबीन लावलेली छोटी कार्डं वाटली. आशय एवढाच, की असं टोकाचं काही मनात आलं तर मदत मागा. पुढे त्यातून ‘यलो रिबन’ ही मोहीम उभी राहिली. कर्करोगाच्या मदतनिधीसाठी निघालेले पिवळे रबरी बँड जगभर गाजले ते 2004 मध्ये, म्हणजे त्यानंतर दहा वर्षांनी. मला त्या कार्डाचं मोल जास्त वाटतं. बँड नुसता मिरवता येतो; कार्ड कुणाच्या तरी हातात द्यावं लागतं, म्हणजे समोर माणूस लागतो.

तिथून आमचा बेत उलटा झाला. बँड मुलांनी घालायचा नाही, मोठ्यांनी घालायचा. ज्याच्या हातात बँड, त्याच्याकडे कधीही जा, तो ऐकेल, रागावणार नाही आणि पुढे काय करायचं ते त्याला माहीत असेल. मात्र बँड हवा असेल तर आधी मॅडमच्या प्रशिक्षणाला बसायचं. वरच्या बाजूला फक्त ‘बोलू या’, आतल्या बाजूला 14416, म्हणजे केंद्र सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनचा क्रमांक. आकडे छापून न घेता कोरून घेतले, कारण छापलेली अक्षरं घामाने महिन्याभरात उडतात.

आमच्या शिपाई मामांना बँड द्यावा की नाही, यावर मात्र वाद झाला. ‘‘त्यांना काय कळतंय समुपदेशनातलं?’’ असं एक जण बोलून गेले. मामा प्रशिक्षणाला पहिल्या रांगेत बसले. मधल्या सुट्टीत डबा न खाता जिन्यात बसणारी मुलं आमच्याआधी मामांनाच दिसतात, हे पुढे त्या शंकेखोरांनीही मान्य केलं.

पालकसभेत अपेक्षित प्रश्न आला : ‘‘आमच्या पोरांच्या डोक्यात नको ते कशाला भरता?’’ प्रश्न रास्त होता, कारण ही भीती घरोघरी आहे. पण विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट मनात असलेलं बाहेर यायला वाट मिळते, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात 13 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. न बोलण्याचा प्रयोग आपण भरपूर करून पाहिला आहे.

एकदा एक मुलगा पुस्तक परत करायला आला. मी सही करत होते. त्याने माझ्या हातातला बँड बोटाने उलटा केला, आतला आकडा वाचला आणि पुस्तकाकडे बघतच विचारलं, ‘‘मॅडम, इथे फोन केला तर घरी कळतं?’’

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, ‘‘घरी कधी आणि कसं सांगायचं ते आपण मिळून ठरवू. पण तुझ्या जिवाचा प्रश्न असेल तर मी गप्प बसणार नाही, हे आत्ताच सांगते.’’ खोटं वचन द्यायचं नाही, हे प्रशिक्षणात घोटून घेतलं होतं. मग सरळ विचारलं, ‘‘जीव द्यावासा वाटतो का रे?’’ हा प्रश्न तोंडातून काढणं किती जड जातं, ते विचारल्याशिवाय कळत नाही. तो म्हणाला, ‘‘कधी कधी.’’

त्यानंतर त्याला एकटं सोडलं नाही. मामांनी मॅडमना बोलावून आणलं, संध्याकाळी वडील आले, पुढे सिव्हिलमधल्या मानसोपचार तज्ज्ञांकडे उपचार सुरू झाले. वडील पहिल्यांदा चिडले, मग रडले. बाकीचं त्याचं खासगी आहे.

बँडने हे केलं, असं मी म्हणणार नाही. युरोपातल्या दहा देशांमधल्या 168 शाळांत झालेला एक मोठा अभ्यास 2015 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नुसत्या शिक्षक-प्रशिक्षणाचा ठळक परिणाम दिसला नाही. जिथे मुलांनाच भूमिका करून, चर्चा करून ताण आणि नैराश्य समजून घ्यायला शिकवलं, तिथे आत्महत्येचे प्रयत्न लक्षणीय कमी झाले. हे वाचल्यावर आम्ही नववीच्या वर्गात तशी सत्रं सुरू केली. ‘मित्राने असं काही सांगितलं तर तू काय करशील?’ यावर मुलं छोटे प्रसंग बसवतात. पहिल्यांदा खूप हसतात. हसू द्यावं. ‘ते गुपित ठेवायचं नाही, मोठ्यांना सांगायचं’ हे मात्र प्रत्येक प्रसंगात येतंच.

सप्टेंबर जवळ आला की शाळाशाळांतून बँडच्या ऑर्डरी जातील, फोटोही निघतील. माझी मुख्याध्यापकांना विनंती एवढीच आहे, की ऑर्डर देण्याआधी आपल्या शाळेत मुलांचं ऐकून घेणारी माणसं किती आहेत ते मोजा, त्यांना शिकवा आणि तेवढेच बँड मागवा. आणि 14416 हा क्रमांक आजच फळ्याच्या कोपऱ्यात लिहून टाका. तिथे मराठीत बोलता येतं, चोवीस तास, आणि पैसे लागत नाहीत.